बिनपगारी ट्रेसर

अकोल्याच्या एका सरकारी बांधकाम कचेरीत मी जवळजवळ दोन वर्षं फुकट काम केलं. त्याला त्या काळी उमेदवारी म्हणत. माझ्या हातात जो कागद दिला होता, त्यावर सहा महिने लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ होती : काम समाधानकारक वाटल्यास ट्रेसरच्या जागेसाठी विचार केला जाईल. ट्रेसर म्हणजे पेन्सिलीचे नकाशे शाईनं कापडावर गिरवणारा. हल्ली कोणी मला म्हणतं, 'त्या उमेदवारीनंच तुम्ही घडलात,' तेव्हा माझ्या अंगाची आग होते. मी तिथे काय शिकले आणि कोणाकडून शिकले, हे एकदा नीट सांगायचं आहे.

आम्ही अमरावतीचे. वडील बांधकाम खात्यात खलाशी होते. खलाशी म्हणजे मोजणीच्या वेळी साखळी ओढणारा, उन्हात मोजपट्टी उभी धरणारा माणूस. साहेब दुर्बिणीतून बघायचे आणि आकडा सांगायचे, वडील दोनशे हातांवर पट्टी धरून पुतळ्यासारखे उभे असायचे. रद्दीत निघालेले निळे नकाशे ते घरी आणायचे आणि आमच्या वह्यांना कव्हरं घालायचे. माझं गणिताचं पुस्तक कुठल्याशा धर्मशाळेच्या जिन्यात गुंडाळलेलं होतं. निळ्यावरच्या त्या पांढऱ्या रेषा मी बोटानं गिरवत बसे. शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी मला चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांना बसवलं, दोन्हींत मी वरच्या श्रेणीत आले. मॅट्रिकही झाले. वडिलांच्या एका साहेबांनी सांगितलं की आता कचेऱ्यांत मुलींना ट्रेसर म्हणून घेतात, अकोल्याला उमेदवारीला पाठव. वडील तो निरोप घेऊन घरी आले तेव्हा त्यांनी चप्पल काढायच्या आधी मला हाक मारली.

"तुले कचेरीत खुर्ची भेटन माय," ते म्हणाले. "म्या उभ्यानं जन्म काढला. तू बसून काम कर."

बासष्ट साल असावं. मी अठरा वर्षांची होते.

अकोल्यात आत्या राहायची, जुन्या शहरात. कचेरी मोर्णेच्या पलीकडे. रोज सकाळी पूल ओलांडून मी जायची. पहिल्या दिवशी आत्यानं माझ्या वेणीला तेल लावून दिलं आणि म्हणाली, "खाली मान करून बसजो नोको. नाहीतं लोक डोक्यावर पाय ठेवून जाते."

वरच्या मजल्यावर लांबलचक हॉल होता. तिरक्या पाटांची टेबलं, प्रत्येकावर एक माणूस वाकलेला. हॉलच्या तोंडाशी हेड ड्राफ्ट्समन बसायचे. सगळे त्यांना हेडबाबू म्हणत. त्यांनी माझा कागद वाचला, मग माझं आडनाव पुन्हा वाचलं.

"गाव?"

"अमरावती."

"मूळ गाव विचारतोय."

मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही कोण?"

"बौद्ध."

"असं. नवीन." ते हसले आणि हॉलकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "आता कचेरीत पंचशील सुरू होणार म्हणा की." दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी माना वर केल्या नाहीत. छप्पन साली मी बारा वर्षांची होते, आईचं बोट धरून नागपूरला दीक्षेच्या मोठ्या मैदानात बसले होते, आणि परत येताना आईनं मला सांगितलं होतं की आता कोणी कोण म्हणून विचारलं तर ताठ मानेनं सांगायचं. मी ताठ मानेनं सांगितलं होतं. त्याचा पुढे काय उपयोग करायचा, हे आईला तरी कुठे ठाऊक होतं?

मला खुर्ची मिळाली नाही. हॉलच्या टोकाला, जिन्याजवळ, एक स्टूल मिळालं. पाण्याचा माठ हेडबाबूंच्या टेबलामागे होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तू घरून पाणी आणत जा. इथे माठ लवकर संपतो." वीस माणसं त्या माठातलं पाणी पीत होती. माझ्या एकटीमुळे तो संपणार होता.

बायकांसाठी संडास नव्हता. हॉलमध्ये मी एकटीच बाई. दुपारच्या सुट्टीत मी पूल ओलांडून आत्याकडे जायची आणि पळत परत यायची. पाच मिनिटं उशीर झाला की हेडबाबू घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. मग मी दिवसभर घोटभरच पाणी प्यायला लागले. चैत्र-वैशाखात, अकोल्याच्या उन्हात. त्याचं दुखणं मला पुढे पाच वर्षं पुरलं.

पहिले तीन महिने माझ्या हातात पेन आलं नाही. टेबलं पुसायची, शाईच्या दौती धुवायच्या, कागदांचे गुंडाळे वरच्या गच्चीवर पोचवायचे, तिथून खाली आणायचे. 'काम शिकायला आलीस ना, काम वरून पडत नाही, आधी कचेरी शीक,' हेडबाबू म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "साहेब, मला रेघा मारायला तरी द्या." ते म्हणाले, "रेघ मारायला हात लागतो. तो उपजत असावा लागतो." आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसले. कुठल्या घरात जन्मलेला हात, ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

गच्चीवर मात्र चाचा होते.

चाचा म्हणजे कचेरीतले फेरो प्रिंटर. नकाशाच्या निळ्या प्रती काढायचं काम त्यांचं. पारदर्शक कापडावर शाईनं काढलेला नकाशा काचेच्या चौकटीत घालायचा, त्याच्याखाली मसाला लावलेला कागद, आणि ती चौकट उन्हात ठेवायची. मग कागद पाण्याच्या हौदात धुतला की सगळा निळा होई आणि रेषा तेवढ्या पांढऱ्या उठत. पन्नाशीचा माणूस, जुन्या शहरातलाच, आत्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहणारा. हातांची नखं कायमची निळी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बेटी, तू नीचे पानी काहून नाही पीत?"

माठ लवकर संपतो, असं मी सांगितलं. त्यांनी स्वतःची सुरई पुढे केली. "हे घे. हे काही संपत नाही."

त्या दिवशी मी जिन्यात बसून पोटभर पाणी प्याले आणि रडले. ते रडणं दुःखाचं नव्हतं. कोणाचा तरी गळा धरावा असं वाटत होतं आणि धरता येत नव्हता.

शिकवलं मला चाचांनी. ते शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण तीस वर्षं कचेरीतला प्रत्येक नकाशा त्यांच्या हाताखालून पाण्यात गेला होता. एका दुपारी त्यांनी डब्यातली दोन काकड्यांची पुरचुंडी काढली. एक आडवी कापली आणि गोल तोंड माझ्याकडे केलं. दुसरी उभी चिरली.

"काकडी एकच हाये ना? पण पाय, आडवी कापली तं गोल दिसते, उभी कापली तं लांब दिसते. नकाशात घर असंच कापून दाखोते. वरून पायलं तं प्लॅन, उभं कापलं तं सेक्शन. थे डोक्यात बसलं का मंग नकाशा तुह्याशी बोलते."

बाकीची काकडी आम्ही मीठ लावून खाल्ली. मला त्या दिवसापासून नकाशे दिसायला लागले. आधी मी नुसत्या रेषा बघत होते. आता भिंतीची जाडी दिसायची, पायऱ्या चढताना दिसायच्या, पाणी कुठून कुठे वाहणार ते कळायचं.

नकाशाचं कापड कापताना कडेच्या चिंध्या उरत. चाचा त्या माझ्यासाठी ठेवत. एका जुन्या रूलिंग पेनची टोकं झिजली होती म्हणून ते टाकून दिलेलं होतं. चाचांनी ते दगडावर घासून दिलं. मी घरी, आत्याच्या ओट्यावर, पाट मांडीवर घेऊन रेघा मारायची. बारीक, मध्यम, जाड. कापडावर आधी खडूची भुकटी चोळायची, नाहीतर शाई धरत नाही. रेघ थांबवायची कुठे ते हाताला कळावं लागतं, शाईचा ठिपका टोकाला साचता कामा नये. आत्या म्हणायची, "रांगोळीचं पुस्तक छापून राहिली का वो तू?" दोन महिन्यांत माझा हात हॉलमधल्या कोणाहूनही कमी राहिला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. ज्यांनी माझा हात पाहिला, त्या सगळ्यांना ते माहीत होतं, आणि ते पुढे कसे वागले ते मला सांगायचं आहे.

लग्नसराईत हॉलमधला एकमेव ट्रेसर रजेवर गेला आणि त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांना एका दवाखान्याच्या इमारतीचे नकाशे तातडीनं हवे झाले. मोठे साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता. ते खालच्या मजल्यावर बसत, हॉलमध्ये क्वचितच येत. हेडबाबूंनी हॉलभर नजर फिरवली. सगळ्यांच्या टेबलांवर कामं. शेवटी माझ्यापुढे पेन्सिलीचा नकाशा टाकला. "गिरव. बिघडवलंस तर कापड भरून द्यावं लागेल."

मी बिघडवलं नाही. दोन दिवसांत पाच नकाशे दिले. हेडबाबूंनी भिंग लावून बघितले. एकाही रेषेवर बोट ठेवता येईना तेव्हा म्हणाले, "अक्षर जरा बायकी आहे."

त्यानंतर माझं स्टूल तेच राहिलं, पण काम बदललं. जवळजवळ सगळं ट्रेसिंग माझ्याकडे येऊ लागलं. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते : काढणार, गिरवणार, तपासणार. गिरवणारच्या जागी हेडबाबू ट्रेसरची सही घ्यायचे. तो बिचारा खाली मान घालून सही करायचा आणि चहाला निघून जायचा. मी एकदा विचारलं, "साहेब, तिथे माझी सही का नाही?"

"उमेदवाराला सही नसते. उमेदवार म्हणजे कागदावर नसतोच."

सहा महिने झाले. मी कागद दाखवला. ते म्हणाले, जागा मंजूर व्हायची आहे, आणखी सहा महिने काढ. ते झाले. आणखी सहा. प्रत्येक वेळी मी अमरावतीला पत्र टाकायची की होईल लवकरच, आणि प्रत्येक वेळी वडील कोणाकडून तरी लिहवून घेऊन उत्तर पाठवायचे की घाई करू नको, साहेब लोक चांगले असतात. त्यांनी आयुष्यभर साहेब लोकांसाठी पट्टी धरली होती. त्यांना तसं मानणं भागच होतं. मला मात्र त्यांची ती पत्रं वाचून त्यांचाही राग यायचा.

दुसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाशी, अमरावतीजवळच्या भातकुलीकडच्या एका रस्त्यावरच्या पुलाचा नकाशा माझ्याकडे आला; तिकडच्या काही कामांचे नकाशे आमच्याच कचेरीत व्हायचे. लहानसा पूल, एका नाल्यावर. त्या वर्षांत कचेरीत फूट जाऊन मीटर आले होते, आणि जुन्या मोजण्यांचे आकडे बदलून नव्यानं लिहायचं काम हेडबाबू स्वतः करत. नकाशात लिहिलं होतं : पुराची खूण, नाल्याच्या तळापासून दोन मीटर पस्तीस. मी गिरवला आणि दिला. त्यानंतर सणाला चार दिवस घरी गेले.

जेवताना सहज वडिलांना म्हटलं, भातकुलीकडच्या नाल्यावर पूल होणार, नकाशा मी काढला.

त्यांचे डोळे चमकले. "थो नाला? लिंबाच्या झाडाजोळचा? त्याची मोजणी म्याच केली ना. पट्टी माह्याच हातात होती. लिंबाले पुराचा गाळ लागेल होता, साहेबानं दोनदा पायलं. अकरा फूट."

"अकरा?"

"होय तं. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा केला तं त्याच्या टाळूले पाणी लागन."

मी घास हातात घेऊन बसले. दोन मीटर पस्तीस म्हणजे पावणेआठ फूट. एक माणूस हात वर करून उभा राहिला की संपलं. अकरा फुटांचे होतात तीन मीटर पस्तीस. बदलताना हेडबाबूंनी तीनाऐवजी दोन लिहिले होते, आणि त्याच आकड्यावर पुलाची उंची ठरली होती. पहिल्या मोठ्या पुरात पाणी त्या पुलावरून जाणार होतं, आणि गाडीवान नवा पूल म्हणून विश्वासानं बैल घालणार होते.

कचेरीत परतल्यावर मी आधी मोजणीची जुनी वही कपाटातून काढली. अकरा फूट. पेन्सिलीनं, मोजणीच्या साहेबांच्या अक्षरात. मग हेडबाबूंकडे गेले आणि हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं, सांगितलं. आज मला त्या हळू आवाजाची लाज वाटते. त्यांची चूक मी झाकून सांगत होते.

त्यांनी पान बघितलं. चेहऱ्यावरचा रंग गेला, हे मी पाहिलं. मग वही मिटून म्हणाले, "ट्रेसरनं रेघेवरून रेघ ओढायची. आकडे वाचायचे नाहीत. आणि तू तर ट्रेसरही नाहीस."

"पण साहेब, पूल बुडेल."

"खलाशाची पोर मला पूल शिकवते?"

आठ दिवस गेले. आकडा बदलला नाही. चूक कबूल केली तर मोठ्या साहेबांना कारण द्यावं लागलं असतं, म्हणून पूल बुडाला तरी चालणार होता. त्या नकाशाचं कापड प्रती काढायला गच्चीवर आलं. चाचांना मी सगळं सांगितलेलं होतं; त्यांनी ते चौकटीत घातलं नाही. हातात धरून उभे राहिले.

"मी एक-दोन दिवस ऊन नाही म्हणून सांगू शकतो," ते म्हणाले. "आभाळ येऊन राह्यलं. पण मंग? हे एकदा पान्यातून निघालं का गेलं बाहेर."

मी वही घेतली, नकाशा घेतला आणि खाली मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. शिपायानं अडवलं. मी त्याला बाजूला सारून आत गेले. मला स्वतःलाच माहीत नव्हतं माझ्यात तेवढं बळ आहे.

साहेबांनी ऐकून घेतलं. वही पाहिली, कागदावर आकडेमोड केली, पुन्हा पाहिली. "हे कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून हेडबाबूंचा आवाज आला. कोणीतरी वर जाऊन सांगितलं असणार.

"तेच दाखवायला पाठवलं हिला, साहेब. काल रात्री तपासताना माझ्या लक्षात आलं. म्हटलं, आपण स्वतः पाहून घ्यावं."

"उत्तम," साहेब म्हणाले. "तुमच्यासारखी डोळस माणसं आहेत म्हणून चाललंय."

मी गप्प उभी राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पूल वाचला, एवढं पुरे, असं मी जिना चढताना स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मी घाबरले होते. हेडबाबूंचा राग जितका आला, तितकाच मला त्या दिवशी माझा आला.

महिन्याभरात ट्रेसरची नवी जागा मंजूर झाली. ऑर्डर आली. नाव हेडबाबूंच्या भाच्याचं होतं. त्यानं त्या हॉलमध्ये कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सोमवारी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि हेडबाबू त्याला माझ्या स्टुलापाशी घेऊन आले.

"हिच्याकडून चार दिवस बघून घे," ते त्याला म्हणाले. मग मला, "याला शिकव जरा."

माझ्या हातात रूलिंग पेन होतं. ते मी खाली ठेवलं. आणि मग मी ओरडले. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, आणि माझ्या घरच्या बोलीत, कारण त्या वेळी दुसरी भाषा तोंडात आलीच नाही.

"म्या काहून शिकवू? दोन वर्सं म्या फुकटात राबून राह्यली. ह्या कपाटातले सारे नकाशे माह्या हातचे हायेत. कोपऱ्यात सह्या दुसऱ्याच्या. भातकुलीची चूक कोणं काढली? बोला ना! तुमाले सगळ्यायले मालूम हाय. एक तरी जण बोला!"

वीस माणसं होती. वीसही जण पाटांवर वाकले. कोणी खोडरबर शोधू लागला, कोणी पेन्सिलीला टोक काढू लागला. त्यांतल्या कित्येकांनी मला 'हात छान आहे तुझा' असं जिन्यात, एकटी असताना सांगितलेलं होतं. ती वीस डोकी मला आजही दिसतात. हेडबाबूंसारखा माणूस कुठेही असतो. पण त्या वाकलेल्या डोक्यांना मी माफ केलेलं नाही.

बोलले ते चाचा. आरडाओरडा ऐकून ते गच्चीवरून उतरले होते, ओले हात तसेच घेऊन. "मी बोलतो," ते म्हणाले. "दीड वर्सापासून जेवढं कापड वर आलं, सारं या पोरीच्या हातचं. आन पुलाची गलती बी हिनंच पकडली. हेडबाबूनं तं दाबून ठेवली होती. चला, साहेबासमोर सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. साहेबांच्या खोलीत, उभ्यानं, न अडखळता. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना भांडण नको होतं. त्यांनी मला आणि भाच्याला एकच नकाशा दिला, समोर बसवून गिरवायला लावला. भाच्यानं पहिल्याच रेघेला शाई सांडली. साहेबांनी माझं काम बराच वेळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "ऑर्डर निघून गेली आहे. आता ती फिरवता येत नाही. पण मी तुला प्रमाणपत्र देतो. स्वतः लिहून देतो."

हेडबाबूंनी आधीच एक प्रमाणपत्र तयार ठेवलं होतं : सदर उमेदवाराने कचेरीत साफसफाई व किरकोळ कामे केली. ते मी त्यांच्या टेबलावर फाडलं. साहेबांचं घेतलं. त्यात त्यांनी खरं ते सगळं लिहिलं होतं, ट्रेसिंग, नकाशा वाचन, आकड्यांची तपासणी. पुलाचा मात्र उल्लेख नव्हता. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

त्या कागदावर मला अमरावतीला दुसऱ्या एका कचेरीत ट्रेसरची नोकरी लागली. चौसष्ट साल. तिथे मला समोर बसवून परीक्षा घेतली, अर्ध्या तासात पेन काढून घेतलं आणि सांगितलं, सोमवारपासून ये. म्हणजे ज्या कामासाठी अकोल्यात मला दोन वर्षं लायक ठरवलं नाही, ते इथे अर्ध्या तासात दिसलं. वडील माझी खुर्ची बघायला म्हणून एकदा कचेरीत आले. दारात उभे राहिले, आत यायला तयार होईनात. मी त्यांना हाताला धरून आणलं आणि त्या खुर्चीवर बसवलं.

चाचांना मात्र साहेबांसमोर खरं बोलल्याची किंमत मोजावी लागली. मी अकोला सोडल्यावर दोन महिन्यांतच त्यांची बदली झाली, चिखलदऱ्याला. उन्हावर चालणाऱ्या माणसाला ढगात पाठवलं. तिथे फेरोचं कामच नव्हतं. पासष्टच्या श्रावणात मी एसटीनं त्यांना भेटायला गेले. परतवाड्यापासून घाट चढताना धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं. ते एका गोदामात सिमेंटच्या गोण्यांवर नजर ठेवत बसले होते, अंगावर दोन शाली, आणि सारखे खोकत होते. नखं पांढरी झाली होती.

"चाचा, माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं.

"तुह्यामुळे नाही. त्यायच्यामुळे." त्यांनी मला स्टोव्हवर चहा करून दिला. "माह्या जागी तिथं आता कोन हाये मालूम? कोनी नाही. कागद नागपूरले पाठोते. म्हंजे मले फक्त हलवाचं होतं." आणि मग, बराच खोकून झाल्यावर, "तुह्या नकाशावर सही तुहीच रायते ना आता?"

मी हो म्हटलं. खोकला गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात, निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना, ते तिथेच वारले. जुन्या शहरात त्यांच्या घरी मी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं आत बोलावून पाणी दिलं.

हेडबाबू भेटले ते अडुसष्ट साली. निवृत्त होऊन ते अमरावतीला मुलाकडे राहायला आले होते आणि घराच्या कसल्याशा कामासाठी आमच्या कचेरीत चौकशीला आले होते. मी तोवर ड्राफ्ट्समन झाले होते. त्यांनी मला ओळखलं, दोन्ही हात पसरून पुढे आले आणि आमच्या हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे वा! ही आमची मुलगी. माझ्या हाताखाली तयार झालेली. दोन वर्षं घासून घेतली, म्हणून आज अशी पक्की आहे. काय गं, खरं ना?"

हॉलमधले सगळे कौतुकानं माझ्याकडे बघत होते. माझ्या सहकाऱ्यांना वाटलं असणार, मी आता उठून नमस्कार करीन.

मी उठले. म्हटलं, "नाही. मला शिकवलं ते तुमच्या गच्चीवरच्या फेरो प्रिंटरनं. त्यांना तुम्ही चिखलदऱ्याला पाठवलंत. तिथे ते वारले. तुम्ही मला फक्त तहानलेलं ठेवलंत."

ते हसायचा प्रयत्न करत राहिले. "जुन्या गोष्टी कशाला..."

"तुमचं काम खालच्या मजल्यावर आहे," मी म्हटलं. "खिडकी क्रमांक दोन."

ते गेले. या वेळी माझ्या आसपासची डोकी वर होती. समोरच्या नकाशावर माझ्या पेनातून शाईचा एक थेंब पडला होता. मी दाढीचं पातं घेतलं आणि कापडाला भोक पडू न देता तो डाग हळूहळू खरवडू लागले. अर्धा तास लागला.